ग्रॅमवरून रेणू काढायचेत: त्रैराशिक बरं की मोल?

अकरावी सायन्सला पहिल्याच धड्यात हा वाद सुरू होतो, क्लास सात रस्त्याला असू दे नाहीतर जुळे सोलापुरात. मराठी मीडियमची पोरं सरळ त्रैराशिक मांडतात, सर म्हणतात आधी मोल काढ (मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ कणांचा एक गठ्ठा). उत्तर सेमच येतंय, मग भांडण कशाला?

त्रैराशिकात साखर घ्या, आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना काय तोटा नाही. रेणुवस्तुमान ३४२, म्हणजे ३४२ ग्रॅममध्ये ६.०२२ × १०^२३ रेणू, तर ५ ग्रॅममध्ये किती, तिरका गुणाकार मारला की साधारण ८.८ × १०^२१. सूत्र पाठ लागत नाही आणि वजन ३४२ पेक्षा कमी म्हणजे रेणूपण त्या मोठ्या आकड्यापेक्षा कमीच पाहिजेत हे मांडतानाच दिसतंय, मला तर यातलं हेच भारी वाटतं.

मोलमध्ये ग्रॅमला मोलार वस्तुमानानं (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) भागायचं, मग अ‍ॅव्होगॅड्रो संख्येनं, म्हणजे त्याच ६.०२२ × १०^२३ नं गुणायचं. घाईत पोरं उलटं भागतात, ९ ग्रॅम पाण्याचे २ मोल करून ठेवतात, खरं तर अर्धा. पण ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आला की बघा: एकदा ०.१ मोल काढला की रेणू ६.०२२ × १०^२२, ऑक्सिजनचे अणू त्याच्या दुप्पट, एसटीपीला (प्रमाण तापमान-दाबाला) एका मोलचे २२.४ लिटर धरून आकारमान २.२४ लिटर, सगळं तिथूनच निघतं. त्रैराशिकवाला दरवेळी नवीन मांडणी करत बसणार. आणि पुढं समीकरणावरची गणितं तर मोलमध्येच चालतात.

(अ‍ॅव्होगॅड्रोचा आकडा २०१९ पासून ६.०२२१४०७६ × १०^२३ असा फिक्स केलाय, आधी १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून ठरायचा. पेपरात ६.०२२ बास.)

मीठ आलं तर दोन्हीकडं सांभाळा, त्यात सुटे रेणू नसतातच, सोडियम आणि क्लोराइडचे आयन असतात, त्यामुळं सूत्र एकक म्हणायचं. ऑक्सिजन वायूलाही १६ नाही, ३२ घ्यायचं (रेणूत दोन अणू), इथं पद्धत कुठलीही असली तरी मार्क जातो.

माझं मत विचाराल तर नीट-सीईटी द्यायची असेल तर मोलच धरा, सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, तिथं मांडणीला वेळ कुठला. फक्त बोर्ड काढायचं असेल आणि त्रैराशिक हातात बसलं असेल तर एका मार्काच्या प्रश्नाला खुशाल वापरा, फक्त दोन्ही बाजूला युनिट लिहा.