रेनसूट, आठ महिने आणि मांड्यांमधली शिवण

आठ महिने झाले. रोज बाईकवर जाऊन-येऊन ८० किलोमीटर, आणि पाऊस आहे म्हणून दांडी मारायची सोय नाही. जॅकेट-पँटचा हा रेनसूट पहिल्या महिन्यात इतका आवडला होता की पाच स्टार देऊन मोकळी झाले. ते काढून घ्यायला आलेय. लिहिता लिहिता काही परत द्यावे लागतील असं दिसतंय.

खांदे कोरडे, पाठ कोरडी, गुडघे कोरडे आणि बूड ओलं. तासभर पावसात चालवून उतरलं की पँटवर पुढे जो डाग दिसतो त्याचा खुलासा कुणाकुणाला करणार? भिजण्यापेक्षा त्याचाच ताप जास्त. शिवाय थंडी तिथूनच वर चढते. अर्ध्या तासात हुडहुडी भरते आणि क्लचवरची बोटं सांगितलेलं ऐकेनाशी होतात.

लेबलवर '१०,००० मिमी' असं ऐटीत छापलंय. म्हणजे दहा मीटर पाण्याचा दाब कापड सोसतं. ताशी १०० ला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब पाण्याच्या हिशेबात ५० मिमीसुद्धा भरत नाही. मग पाणी येतं कुठून? सुईच्या भोकांतून. त्या भोकांवर आतून चिकटवलेली टेप सुटली की दहा हजारांचा आकडा नुसता वाचायला. जॅकेटवरून ओघळलेलं, टाकीवरून मागे आलेलं सगळं पाणी सीटच्या खोलगट भागात साचतं. त्यावर आपण बसतो आणि प्रत्येक खड्ड्याला वरून दाब देतो. नेमक्या तिथेच पँटच्या चार शिवणी एकत्र आल्यात. ज्याने ही पँट बेतली तो बाईकवर कधी बसलाच नसावा.

फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, 'बसण्यामुळे झालेली झीज वॉरंटीत येत नाही.' बाईकच्या पँटीत उभं राहून गाडी चालवायची की काय? तीन मेल आणि दोन फोनांनंतर नवा सूट घेतल्यास सूट देऊ म्हणाले. कोटी त्यांच्या लक्षात आली नाही, माझ्या आली. हसू मात्र आलं नाही.

इथवर लिहून थांबले होते, कारण पुढचा परिच्छेद बाह्यांवर होता. बाह्याही गळतात म्हणून मी फोनवर भांडले होते. परवा नीट बघितलं तर आतल्या सुती शर्टाची बाही बोटभर बाहेर डोकावत होती. दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढत ती कोपरापर्यंत ओली झालेली. वर ग्लोव्ज घातलेले बाहीवरून, म्हणजे हातावरून ओघळणारं पाणी थेट ग्लोव्जमध्ये. शर्ट आत खोचला, ग्लोव्ज बाहीच्या आत घातले, वेल्क्रो आवळली. तेव्हापासून थेंब नाही. छातीवरचा ओलावाही माझाच निघाला, घामाचा. या कापडातून हवा खेळत नाही. ट्रॅफिकमध्ये रांगत असताना काखेतली चेन थोडी उघडायची. दोन स्टार परत.

शिवणीला मात्र माफी नाही. नवा सूट घ्यायचा नाही हे ठरलेलंच होतं, म्हणून पँट उलटी केली आणि मांड्यांच्या मधल्या भागात दोन मग पाणी ओतून टांगून ठेवली. दहा मिनिटांत चारही शिवणींच्या चौकात मण्यांसारखे थेंब उभे राहिले. टेप नखाएवढी उचकटलेली. नखाएवढीच! पँट वाळवली, टेपच्या कडा पुसून घेतल्या, शिवणींवर लावायच्या पारदर्शक सीलरचे दोन पातळ हात दिले आणि दिवसभर तशीच ठेवली. सहा आठवडे झाले, बूड कोरडं आहे. हे काम कारखान्यात व्हायला हवं होतं.

उबेचं थोडक्यात. हा सूट ऊब देत नाही, वारा अडवतो, आणि ते अपेक्षेपेक्षा फार मोठं काम निघालं. १० अंशांच्या हवेत ताशी ८० चा वारा लागला की उघड्या कातडीला ४ अंशांसारखं वाटतं. आत लोकरीचा पातळ स्वेटर, बाहेर हा. कोरड्या थंडीतही मी आता हाच चढवते. सुती कपडे आतून बाद केले, एकदा भिजले की दिवसभर गार राहतात. अजून एक स्टार.

ओली पँट घडी करून डिकीत कोंबू नका, आतला थर चिकट होऊन सुटायला लागतो. मी दाराच्या खुंटीला टांगते. तिथे टांगल्यावरच काल दिसलं, उजव्या पायाला सायलेन्सर लागून करंगळीएवढं भोक पडलंय. त्यावर टेप मारलीय. याची तक्रार नाही करणार, पाय मीच टेकवला होता.