पोलादातला थकवा हायड्रोजनने मोजावा की अल्ट्रासॉनिकने?

आधी एवढं ठरवा: तुम्हाला तडा शोधायचा आहे, की तडा पडण्याआधी साठलेली हानी? निवड त्यावरच ठरते.

थकव्यात ताण पुन्हा पुन्हा येऊन-जाऊन पोलादाच्या स्फटिकांत डिस्लोकेशन (अणूंच्या रांगांमधले रेषेसारखे दोष) वाढतात, त्यांचे पट्टे बनतात, काही अणूंच्या जागा रिकाम्या पडतात. ताण कमी पण आवर्तनं लाखोंनी असली, तर भागाचं बरंचसं आयुष्य या टप्प्यातच सरतं. अल्ट्रासॉनिकला, म्हणजे धातूत ध्वनिलहरी सोडून तपासण्याच्या पद्धतीला, त्यातलं सहसा काही दिसत नाही, कारण प्रतिध्वनी यायला तडाच लागतो. मॅग्नेटिक पार्टिकललाही (भाग चुंबकित करून त्यावर लोहकण टाकायची पद्धत) तडाच लागतो, तोही पृष्ठभागावर किंवा त्याच्या लगत.

हायड्रोजनची खरी ताकद इथे आहे. सर्वांत हलका अणू, फेराइटमध्ये (साध्या पोलादाची नेहमीची स्फटिकरचना) भराभर सरकणारा, आणि नेमका या दोषांपाशी अडकणारा. म्हणजे दोष जास्त, तर अडकलेला हायड्रोजनही जास्त. विद्युतघटात नमुना कॅथोड (ऋण टोक) करून त्यात हायड्रोजन भरतात, मग ठरावीक वेगाने तापवून कोणत्या तापमानाला किती वायू सुटतो ते मास स्पेक्ट्रोमीटरवर (वायूचे कण वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) पाहतात. हिशेब दशलक्षांशांत चालतो. भरलेला हायड्रोजन साध्या तापमानालाही निसटत राहतो, म्हणून मोजणी लांबणार असेल तर नमुना द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावा लागतो. आणि त्याच पोलादाचा, त्याच हीट ट्रीटमेंटचा न थकलेला नमुना शेजारी हवाच. थंड अवस्थेत वाकवलेल्या किंवा क्वेंच केलेल्या (तापवून झटकन थंड केलेल्या) पोलादातही डिस्लोकेशन भरपूर असतात. तुलना नसेल तर आकड्याला काही अर्थ उरत नाही.

पातळ पत्र्यासाठी 1962 सालची देवनाथन-स्टाहूर्स्की पद्धतही आहे: एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो पोहोचायला किती उशीर होतो ते विद्युतप्रवाहावरून मोजायचं.

पण नमुना कापावाच लागतो, आणि हायड्रोजन पोलादाला ठिसूळ करतो हे 1875 पासून नोंदलेलं आहे. त्यामुळे पुन्हा वापरायच्या भागात, विशेषतः उच्च-शक्तीच्या बोल्टमध्ये, तपासणीसाठी हायड्रोजन भरणं मला मान्य नाही. चालू यंत्रातल्या शाफ्टसाठी अल्ट्रासॉनिक आणि मॅग्नेटिक पार्टिकलच घ्या. न कापता तड्याआधीचा अंदाज हवा असेल तर बार्कहाउझन नॉइज (पोलाद चुंबकित होताना उठणारे बारीक विद्युत-संकेत मोजायची पद्धत) वापरून पाहा, मात्र ती पृष्ठभागाजवळचंच सांगते आणि उरलेल्या ताणाने तिचा आकडा सहज बदलतो.

हायड्रोजन निवडावा तो प्रयोगशाळेसाठी: नव्या ग्रेडची तुलना करायची असेल, किंवा सेवेतून काढलेल्या भागाची हानी कुठवर पोहोचली होती हे समजून घ्यायचं असेल तेव्हा. ऑस्टेनिटिक स्टेनलेसमध्ये (फेराइटहून वेगळ्या स्फटिकरचनेचं स्टेनलेस पोलाद) मात्र हायड्रोजन फारच हळू सरकतो. तिथे साध्या तापमानाला तो खोलवर भरत नाही.