खोट्या कार इन्शुरन्समुळे माझं इंग्लंडमधलं लायसन्स गेलं

भारतातून इंग्लंडला येऊन इथली ड्रायव्हिंग टेस्ट नुकतीच पास झालेल्या सगळ्यांनी हे वाचावं, अशी कळकळीची विनंती आहे.

सांगलीत मी कित्येक वर्षं गाडी चालवली, पण इथे ती वर्षं कुणी धरत नाही. इथे राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. पुढे प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल द्यावीच लागते. टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षं कायद्याच्या दृष्टीने तुम्ही नवखे. नियम मोडला की लायसन्सवर दंडाचे पॉइंट लागतात, आणि या दोन वर्षांत असे ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं, असा १९९५ चा कायदा आहे. प्रोव्हिजनलवर मिळालेले पॉइंट अजून चालू असतील तर तेही त्यात धरले जातात. आणि इन्शुरन्सशिवाय गाडी चालवली तर ६ पॉइंट एका झटक्यात लागतात.

मी होम केअरमध्ये काम करते. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची आंघोळ, जेवण, औषधं बघायची. दिवसभर या घरून त्या घरी, त्यामुळे गाडी हवीच. नव्या ड्रायव्हरला इन्शुरन्सचे जे आकडे सांगतात ते ऐकून पोटात गोळा येतो. मला १,९०० पौंडांच्या खाली कुणी बोलत नव्हतं. तेव्हा ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. मराठी माणूस, बोलायला अगदी गोड. "ताई, कंपनीत आपली ओळख आहे, स्टाफचा रेट लावून देतो." ९५० पौंड त्याच्या खात्यात पाठवले आणि तासाभरात पीडीएफ आली. त्यावर नामांकित कंपनीचं बोधचिन्ह, माझं नाव, पत्ता, गाडीचा नंबर, पॉलिसी नंबर, सगळं बिनचूक होतं.

एका दुपारी पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. त्यांच्या गाडीतला कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि इन्शुरन्सच्या देशभराच्या नोंदीत ती आहे का ते लगेच कळतं. माझी नव्हती. मी मोबाइलवर पीडीएफ दाखवली. पोलिसाने फोन लावून चौकशी केली, तर तो पॉलिसी नंबर खरा निघाला, पण भलत्याच गाडीचा. गाडी टो करून नेली. हातमोजे आणि एप्रनची पिशवी हातात घेऊन मी फुटपाथवरून ऑफिसला फोन केला, की पुढच्या आजींना जेवायला घालायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. त्या माणसालाही फोन केला. "सिस्टीमला अपडेट व्हायला वेळ लागतो, ताई," एवढं म्हणाला. संध्याकाळी त्याने मला ब्लॉक केलं होतं.

मग नोटीस आली: ३०० पौंड दंड आणि ६ पॉइंट. दंड भरला की विषय संपला, असंच ती वाचून कुणालाही वाटेल. मी भरला. त्यानंतर लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेचं, डीव्हीएलएचं, पत्र आलं, लायसन्स रद्द झाल्याचं.

वकिलाकडून जे नंतर समजलं ते तुम्हाला आधी माहीत असू द्या. "मला ठाऊक नव्हतं" हा या गुन्ह्यात बचाव होत नाही, इन्शुरन्स नव्हता म्हणजे गुन्हा झाला. पण तुमची खरोखर फसवणूक झाली आणि इन्शुरन्स आहे असं मानायला तुमच्याकडे सबळ कारण होतं, हे कोर्टाला पटलं, तर पॉइंट न लावण्याचा अधिकार कोर्टाला आहे. याला इथे स्पेशल रीझन्स म्हणतात. त्यासाठी नोटिशीचा दंड न भरता कोर्टात सुनावणी मागावी लागते. एकदा दंड भरला की तो रस्ता बंद झाला असंच समजा. कोर्टात हमखास सुटका होते असंही नाही. नाही पटलं तर जास्त दंड, ८ पर्यंत पॉइंट आणि वर खर्च. म्हणून नोटिशीवरच्या मुदतीतच वाहतुकीच्या केसेस करणाऱ्या वकिलाला गाठा. चॅट, बँकेची नोंद, पीडीएफ, पोलिसांतली तक्रार, काहीही डिलीट करू नका.

लायसन्स गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रोव्हिजनलसाठी ऑनलाइन ३४ पौंड, थिअरीचे २३, प्रॅक्टिकलचे ६२. तोवर एल प्लेट लावायची आणि शेजारी २१ वर्षांवरचं, तीन वर्षं लायसन्स असलेलं माणूस बसवायचं. हे पॉइंट लायसन्सवर ४ वर्षं दिसतात. दोन वर्षांचा नियम दुसऱ्यांदा लागत नाही, एवढाच काय तो दिलासा.

अशा अडचणीत सापडलेल्यांच्या मागे दुसरी टोळी लागते. "टेस्ट न देता लायसन्स, थेट डीव्हीएलएच्या सिस्टीममध्ये नोंद" असे मेसेज मलाही आले. असं काही नसतं. पैसे जातात आणि तुमच्या पासपोर्टचा फोटो त्यांच्या हाती लागतो, तो वेगळाच.

इन्शुरन्स विकणाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या एफसीए या संस्थेच्या रजिस्टरवर तो माणूस आहे का ते बघा. पोलीस बघतात त्या देशभराच्या यादीतली आपल्या गाडीची नोंद मोटर इन्शुरर्स ब्युरोच्या वेबसाइटवर फुकट तपासता येते. ती पुन्हा थोड्या दिवसांनीही तपासा, कारण काही जण खरी पॉलिसी काढतात, तुम्हाला दाखवतात आणि मग रद्द करून परतावा खिशात घालतात. काही जण खोटा पत्ता किंवा खोटं वय टाकून हप्ता कमी करतात. कंपनीला फोन करताना नंबर पीडीएफवरचा नको, कंपनीच्या वेबसाइटवरचा घ्या.

सध्या ऑफिसने मला चालत जाता येतील अशी घरं दिली आहेत. तास कमी झाले, पगार कमी झाला, आणि माझा व्हिसा याच नोकरीवर आहे. त्या माणसाने नंबर बदललाय, पण लंडनच्या हाउन्स्लो भागातल्या एका मुलाला नुकताच असाच "स्टाफचा रेट" कुणीतरी देऊ केला होता. तुमची पॉलिसी अशा रेटने आली असेल, तर उद्या सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी कंपनीला फोन करा.