गंगापूर रोडवरील ऑस्की सराववर्ग : दावा निम्मा खरा, वर्ग मात्र उपयुक्त

एमबीबीएसच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी आणि इंटर्न यांच्यासाठी नाशिकच्या गंगापूर रोडवरील एक खासगी क्लास दर रविवारी ऑस्कीचा, म्हणजे रुग्ण हाताळण्याची कौशल्ये तपासणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेचा, सराव घेतो. ‘क्लिनिकल स्किल्स सुधारा, नीट-पीजीची रँक आपोआप सुधारेल’ असे त्याची जाहिरात सांगते. इंटर्नशिपच्या काळात हा वर्ग केल्यानंतर त्यातील ‘आपोआप’ हा शब्द मला मान्य नाही.

नीट-पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेत २०० प्रश्नांना चार पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये डंडी येथून मांडलेल्या ऑस्कीत मात्र पर्याय समोर नसतात. घंटेनुसार एकेका स्टेशनवर, म्हणजे एकेक काम करून दाखवण्याच्या जागी, जायचे, आणि परीक्षक हातातील चेकलिस्टवर तुमची प्रत्येक कृती टिपत राहतो.

या वर्गातील सर्वोत्तम स्टेशन सटाण्याकडच्या डाळिंबबागेत फवारणी करताना अत्यवस्थ झालेल्या मजुराचे आहे. डोळ्यांच्या आकसलेल्या बाहुल्या आणि तोंडाला फेस, म्हणजे ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा, औषध अ‍ॅट्रोपिन, हे लेखी टेस्टमध्ये बहुतेकांना येते. येथे नातेवाइकाची भूमिका करणारे गृहस्थ अहिराणीत, भेदरलेल्या स्वरात बोलतात आणि नेमके विचारल्याशिवाय फवारणीचे नावही काढत नाहीत. भिजलेले कपडे उतरवून अंग धुण्यास सांगितल्याबद्दल गुण आहेत, आणि लेखी टेस्टमध्ये पुढे असणाऱ्यांचेच ते निसटताना मी पाहिले.

लेखी गुण आणि ऑस्कीचे गुण यांच्यातील संबंध संशोधनातही साधारणतः क्षीण ते मध्यम एवढाच आढळतो. निदानाचा तर्क तपासणाऱ्या स्टेशनांत तो अधिक, तर संवाद तपासणाऱ्या स्टेशनांत कमी. अमेरिकेने यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेतील स्टेप २ सीएस ही क्लिनिकल स्किल्सची परीक्षा २०२१ मध्ये बंद केली, मग आपण कशाला शिकायचे, असे आमच्या तुकडीत काही जण म्हणत. पण ती परीक्षा कोविडमुळे आधीच स्थगित झाली होती, कौशल्ये निरुपयोगी ठरल्यामुळे नव्हे.

उणिवा आहेतच. मॅनिकिन, म्हणजे सरावाचे पुतळे, झिजलेले आहेत, आणि चुका समजावून सांगण्यासाठी मिळणारा वेळ शुल्काच्या मानाने फारच तोकडा आहे. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकासाठी किंवा कॅज्युअल्टीची पोस्टिंग लागण्यापूर्वी हा वर्ग जरूर करावा; नीट-पीजी तोंडावर आलेली असल्यास ते रविवार प्रश्नसंचाला द्यावेत. नाव नोंदवताना सकाळची तुकडी मागून घ्यावी, कारण अहिराणी बोलणारे ते गृहस्थ दुपारी नसतात.