जेड वेलीच्या नावाखाली गोकर्णाच्या बिया

पाकिटातून जेड वेलीच्या बिया विकणाऱ्यांपासून जपून राहा. हा प्रकार इंदूरला रामबागेत आमच्याच घरी घडला. पैसे गेले ते सासूबाईंच्या पेन्शनमधले, म्हणून राग जास्त आहे.

मोबाइलवर जाहिरात आली: निळ्या-हिरव्या फुलांचे लांबलचक झुपके, '५ बिया ४९९ रुपये, उगवण्याची हमी'. पैसे आधीच यूपीआयने द्यायचे. पाकीट आलं, त्यात मुगाहून जरा मोठ्या, काळपट, टणक बिया. सोबत चिठ्ठी: सँडपेपरवर घासा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. शेंगवर्गातल्या टणक बियांना असं करतातच, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. बिया रुजल्या, वेल गॅलरीच्या जाळीवर चढली. पण जेडच्या एका पानात तीन पर्णिका, म्हणजे एकाच देठावरची छोटी पानं, असतात. हिच्या पानात पाच, कुठे सात. फूल आलं तेही गोकर्णाचंच! इथे कुंपणाकुंपणावर असतं, गणपतीला वाहतो तेच.

सासूबाईंनी फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "माताजी, हाइब्रिड है, अगले साल रंग बदलेगा." वर ३५० रुपयांचं टॉनिक घ्यायचा आग्रह. मी पैसे परत मागितले आणि त्याने आम्हाला ब्लॉक केलं. वयस्कर बाईला माताजी म्हणत लुबाडायचं, याचा मला संताप येतो.

आता मुद्द्याचं. जेड वेल फिलिपिन्सच्या वर्षावनातली. तिकडे वटवाघळं परागीभवन करतात. बागेत हाताने परागीभवन केल्याशिवाय सहसा शेंग धरत नाही. लंडनच्या क्यू गार्डनला ते १९९५ साली जमलं. शेंग भलीमोठी, बियाही मोठ्या, आणि त्या फार दिवस जिवंत राहत नाहीत. म्हणजे महिनोन्‌महिने पाकिटात राहणारी, मुगाएवढी वाळकी 'जेडची बी' खरी असूच शकत नाही. रोपं बहुधा कलमाचीच असतात. त्यातही ही वेल १५ अंशांखाली कुरकुरते आणि आपल्याकडे हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो. हे कुठला विक्रेता सांगतो?

जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पाकीट आणि यूपीआयची पावती आम्ही जपून ठेवली होती. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० आणि ग्राहक तक्रारीसाठी १९१५, दोन्हीकडे तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. तेच फोटो मात्र परवा दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत शेजारच्या वहिनींना दिसले.