नाशिकच्या शरणपूर रोडवरचं हार्टचं क्लिनिक : आईच्या धडधडीचा सोक्षमोक्ष शेवटी इथे लागला

पाच स्टार देतेय आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण छातीत मधेच धडधडतं पण रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात अशी माणसं घरोघरी आहेत आणि त्यांनी नक्की कुठे जावं ते कोणी धड सांगत नाही. आमच्या आईचं वय ६८, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू, बाकी खणखणीत, अजूनही पंचवटीत भाजी आणायला स्वतः जाते. तिला अधूनमधून छातीत फडफड व्हायची, जिना चढताना दम लागायचा आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप शांत. आधी जिथे दाखवत होतो तिथे ईसीजी काढायचे, तो नॉर्मल, मग पित्त आहे, टेन्शन घेऊ नका, आणि गॅसची गोळी. हळूहळू आईलाच वाटायला लागलं की आपण उगाच बाऊ करतोय आणि तिने सांगणंच बंद केलं, याचा मला अजून राग येतो. घरचं बीपीचं मशीन मात्र मधेच ते हार्टचं लुकलुकणारं चिन्ह दाखवायचं आणि लागोपाठ मोजलं तरी आकडे भलतेच वेगळे यायचे.

इथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मशीनला हातच लावला नाही, आईलाच खोदून खोदून विचारलं. धडधड एकदम सुरू होते की हळूहळू वाढते, किती वेळ टिकते, चक्कर येते का, झोपेत घोरता का, चहा किती होतो, थायरॉईड कधी तपासलंय का. आणि मग म्हणाले, "काकू, तेव्हा ठोके कसे पडतात ते टेबलावर बोटाने वाजवून दाखवा." आईने वाजवून दाखवलं, दोन पटपट, मग थांबून एक, मग परत तीन, कशाचा कशाला मेळ नाही. डॉक्टरांनी ते शांतपणे बघितलं आणि फाईलवर लिहून घेतलं. एवढ्या दिवसांत तिचं म्हणणं कोणी लिहून घेतलंय हे मी पहिल्यांदा बघत होते.

साधा ईसीजी इथेही नॉर्मलच आला. पण त्यांनी नीट समजावलं की ईसीजीला दिसतात जेमतेम दहा सेकंद, आणि हा त्रास येऊन जाऊन असेल तर त्या दहा सेकंदांत सापडेलच असं नाही, म्हणून होल्टर लावू, म्हणजे अंगावर बांधून हृदयाचे ठोके सलग नोंदवत राहणारं छोटं मशीन. टेक्निशियन ताई खूप व्यवस्थित होत्या, पडदा ओढून, मंगळसूत्र बाजूला घ्यायला सांगून, त्वचा पुसून एकेक स्टिकर दाबून चिकटवला, वायर टेपने फिक्स केल्या म्हणजे साडीत अडकणार नाहीत, आणि छोटा डबा कमरेला. काढेपर्यंत आंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं, बाकी रोजची कामं मुद्दाम करायची. सोबत एक कागद, त्यावर त्रास झाला की वेळ आणि तेव्हा काय करत होता ते लिहायचं.

पहिला २४ तासांचा होल्टर चक्क क्लीन आला. मला वाटलं आता परत तेच, टेन्शन घेऊ नका. पण डॉक्टर म्हणाले की त्या दिवशी त्रासच झाला नाही म्हटल्यावर रिपोर्ट क्लीनच येणार, जास्त दिवसांचा लावू. माझ्या मते पाच स्टार ह्या एका वाक्याचे आहेत. तीन दिवसांचा लावला आणि त्यात सापडलं, आईने कागदावर "पहाटे, दूध तापवताना" असं लिहिलं होतं आणि बरोबर त्याच वेळेला पट्टीवर कित्येक तास चाललेला तो गोंधळ सुरू झालेला. डॉक्टरांनी प्रिंट आमच्यापुढे ठेवून पेनच्या टोकाने दाखवलं, ही उंच टोकं बघा, दोन टोकांतलं अंतर कुठेच सारखं नाही, आणि प्रत्येक टोकाआधी जो छोटा उंचवटा असायला हवा तो गायब आहे. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात.

पोटात गोळा आला खरं सांगायचं तर. पण मग त्यांनी जो वेळ दिला तो मला मोठ्या हॉस्पिटलात सुद्धा मिळाला नव्हता. म्हणाले, नदीचं पाणी वाहतं तोवर ठीक, कोपऱ्यात साचलं की शेवाळ धरतं, तसं डाव्या वरच्या कप्प्याच्या एका पिशवीत रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पॅरालिसिसचा झटका. ह्या आजारात तो धोका साधारण पाचपट असतो आणि खरी भीती धडधडीपेक्षा त्याचीच. वय ६५ च्या पुढे, बीपी, शुगर, आधी झटका येऊन गेलेला असणं, असे पॉइंट मोजून ठरवतात की रक्त पातळ करायची गोळी लागेल का. आईला लागणारच होती. मी विचारलं ॲस्पिरिन चालेल का, शेजारचे काका घेतात, तर स्पष्ट नाही म्हणाले, ह्या कामासाठी ती पुरत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहतोच.

गोळी सुरू करायच्या आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला, थायरॉईड, किडनी आणि हिमोग्लोबिन तपासलं. इको का, तर लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आकसलेली असेल तर रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या चालत नाहीत, जुनी वॉरफेरिनच द्यावी लागते आणि त्यात सारखं आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते) तपासणं, पालेभाजीचं प्रमाण सांभाळणं आलं. आईची झडप चांगली निघाली, जीव भांड्यात पडला. आता रक्त पातळ करायला अपिक्साबॅन (नव्यातली गोळी) दिवसातून दोन वेळा आणि ठोके काबूत ठेवायला मेटोप्रोलॉल.

सगळ्यात कामाची गोष्ट निघाली ती गुडघ्याच्या गोळीची. आई दुखलं की मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक घ्यायची, आम्ही ती औषधात धरतच नव्हतो. डॉक्टरांनी विचारलं म्हणून कळलं, ती रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, लगेच बंद. दाढ काढायची असेल तरी आधी विचारायचं, स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. नाडी कशी बघायची तेही शिकवलं, अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायची, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही कारण ठोके अनियमित असले की हिशोब चुकतो. ॲब्लेशनबद्दल, म्हणजे नळी घालून हृदयातली गडबड करणारी जागा निकामी करतात त्याबद्दल, विचारलं तर म्हणाले की गोळ्यांनी जमलं नाही तर बघू आणि ते काम इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टचं, म्हणजे ठोक्यांच्या खास डॉक्टरांचं आहे, मी चिठ्ठी देईन. हातचं काही राखलं नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. अपॉइंटमेंटची वेळ नावालाच आहे, संध्याकाळी तास दीड तास बसायची तयारी ठेवा, वेटिंगमध्ये खुर्च्या कमी आणि वयस्कर माणसं उभी असतात हे हार्टच्या क्लिनिकमध्ये तरी व्हायला नको. पार्किंग नाही, कॅनडा कॉर्नरकडे गाडी लावून चालत यावं लागतं, ज्यांना दम लागतो त्यांना आधी दारात उतरवा. होल्टरचे पैसे तपासणीच्या फीपेक्षा वेगळे, ते आधीच विचारून घ्या. अपिक्साबॅनच्या कंपन्यांप्रमाणे भावात बराच फरक आहे, मी डॉक्टरांना विचारूनच स्वस्तातली घेतली, ते लगेच हो म्हणाले.

आईची धडधड पूर्ण गेलेली नाही, कधीतरी येते, पण आता ती घाबरत नाही, नाडी मोजते आणि वहीत लिहिते. जाणार असाल तर जुने ईसीजी सगळे न्या, नॉर्मल असले तरी, आणि चालू गोळ्यांची पाकिटं पण, गुडघ्याच्या, पित्ताच्या, आयुर्वेदिक चूर्णासकट. होल्टरसाठी आधी फोन करा, मशीन मोजकीच आहेत.