शिरोली एमआयडीसीत बनवून घेतलेले वेल्डिंग टेबल: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या कार्यशाळेत गेट, ग्रिल आणि उसाच्या ट्रॉलीच्या दुरुस्तीची कामे प्रामुख्याने होतात. त्यांसाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फॅब्रिकेशन कारखान्याकडून आम्ही १५०० × ९०० मिमी मापाचे वेल्डिंग टेबल आमच्या आराखड्याप्रमाणे बनवून घेतले. एक पावसाळा आणि एक पूर्ण गळीत हंगाम त्यावर काम झाले असल्यामुळे आता त्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

वरची प्लेट १६ मिमी जाडीची, म्हणजे पाच सुताची, आयएस २०६२ या भारतीय मानकातल्या पोलादाची आहे. एक चौरस मीटर पोलाद दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरते. त्या हिशेबाने एकटी प्लेटच १७० किलोच्या आसपास जाते आणि ७५ मिमीच्या चॅनेलचा (पन्हळीसारख्या आकाराच्या पोलादी पट्ट्यांचा) सांगाडा व चौकोनी पाइपचे पाय धरून टेबल अडीचशे किलोच्या पुढे जाते. बारा मिमीची प्लेट घेतली असती तर चाळीसेक किलो आणि तेवढे पैसे वाचले असते, परंतु आम्हाला प्लेटच्या जाडीतच आटे पाडून हवे होते, आणि त्यासाठी जाडी आवश्यक होती.

ते का, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या टेबलाचा सगळा गुण त्यातच आहे. बहुतेक ठिकाणी प्लेट सांगाड्यावर ठेवून खालून सलग वेल्ड मारला जातो. वेल्ड थंड होताना आकसतो आणि तो प्लेटच्या एकाच अंगाला असल्यामुळे प्लेट त्या बाजूला ओढली जाते. मग कितीही जाड प्लेट घेतली तरी तिला बाक येतो, आणि एकदा बाक आलेल्या टेबलावर जोडलेले प्रत्येक गेट तोच बाक घेऊन बाहेर पडते. आमच्या आराखड्यात प्लेट आणि सांगाडा यांच्यामध्ये एकही वेल्ड नाही. प्लेटला खालच्या बाजूने आरपार न जाणारी भोके पाडून एम १० चे (१० मिमी बोल्टचे) आटे दिले आहेत आणि चॅनेलमधून खालून बोल्ट घेतले आहेत, त्यामुळे वरच्या पृष्ठभागावर बोल्ट कुठेही येत नाहीत. सांगाडा जिथे किंचित खाली होता तिथे कारखान्याने पातळ पत्र्याच्या शिम घालून बोल्ट आवळले. टेबल आले त्या दिवशी दोन्ही कर्णांवर स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ पट्टी, ठेवून पाहिली, तेव्हा फट मोजणाऱ्या फिलर गेजचे एक मिमीचे पाते कुठेही आत गेले नाही. हंगाम संपल्यावर पुन्हा तपासले, तेव्हाही तेच दिसले. गरम रोलिंगच्या प्लेटवर, मशीनिंग न करता, एवढा सपाटपणा मिळणे हे फार चांगले काम आहे आणि त्याचे श्रेय कारखान्यातील कारागिरांना दिलेच पाहिजे.

दोन बाबतींत मात्र काम पुन्हा करून घ्यावे लागले. चॅनेलच्या कडेच्या पट्टीची आतली बाजू उतरती असते. तिथे साधा वॉशर घातला की बोल्टचे डोके एकाच कडेवर टेकते आणि काही दिवसांत सैल पडते. आराखड्यात टेपर वॉशर, म्हणजे तो उतार भरून काढणारे एका बाजूला जाड वॉशर, लिहिलेले असूनही पहिल्या खेपेला साधेच आले होते. दुसरी बाब अर्थिंगची. वेल्डिंग मशीनची परतीची केबल लावण्याचा अर्थिंगचा खुंट कारखान्याने पायाला जोडला होता आणि जुळणीपूर्वीच सांगाड्याला सर्वत्र रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग मारला होता. प्लेट बोल्टने बसवलेली असल्यामुळे करंटला परतीची वाट बोल्ट आणि रंगाच्या थरातूनच उरली. रॉड चिकटू लागला आणि आर्क धरेना. तक्रार करताच त्यांनी खुंट प्लेटच्या कडेला, तिथला रोलिंगचा पापुद्रा ग्राइंडरने घासून काढून, बसवून दिला, आणि त्यानंतर हा त्रास राहिला नाही.

पकडीच्या पिनांसाठी प्लेटवर दर १०० मिमीवर असलेली १६ मिमीची भोके लेझरने कापलेली आहेत. एवढ्या जाडीत लेझरचे भोक वर आणि खाली अगदी एकसारखे राहत नाही, त्यामुळे पिना काही ठिकाणी अडकतात. रीमर (भोक आतून एकसारखे करणारे हत्यार) फिरवून देण्याची मागणी आधीच नोंदवावी. चारही बाजूंनी प्लेट सांगाड्याच्या १०० मिमी बाहेर ठेवली आहे, ती सी-क्लॅम्प लावायला पुरते. पायांखालच्या एम २० बोल्टांमुळे आमच्या उतरत्या फरशीवरही टेबल समपातळीत आले.

वरच्या भागाला आम्ही रंग दिलेला नाही. पावसाळ्यात संध्याकाळी तेलाचे फडके फिरवावे लागते आणि सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ते पुसून घ्यावे लागते. हे न केल्यास दोन दिवसांत गंज दिसतो. अँटी-स्पॅटर स्प्रे वापरल्यास वेल्डिंगचे शिंतोडे पट्टीने खरवडताच निघून येतात.

कारखान्याने दर किलोवर लावला. लेझर कटिंग आणि आट्यांचे पैसे वेगळे घेतले, पण ते आधी स्पष्ट सांगून घेतले. तयार बाजारू टेबलापेक्षा हे महाग पडले, आणि ज्यांना फक्त अधूनमधून खिडकीची ग्रिल जोडायची आहे त्यांना मी याची शिफारस करणार नाही. रोज गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, काम काढून द्यावे लागणाऱ्या कार्यशाळेने मात्र बोल्टची ही रचना निःशंकपणे निवडावी, आराखड्यावर टेपर वॉशर, रीमर आणि अर्थिंगची जागा ठळक लिहून द्यावी, आणि रंग लावण्यापूर्वी एकदा कारखान्यात जाऊन जुळणी पाहून यावी.